नसलेल्या गाडीचा हप्ता

आई, गाडी मोडली. मला फारसं लागलं नाही हे आधी सांगते, नाहीतर पुढचं तू ऐकून घेणार नाहीस. नांदेडहून लातूरला एका लग्नाला निघाले होते. अहमदपूरच्या अलीकडे शेतातून घोड्याएवढा एक रोही आडवा आला, त्याला चुकवताना गाडी रस्ता सोडून बाभळीवर गेली. शेतातल्या बायकांनी मला ओढून बाहेर काढलं. "गाडीकडं काय बघतीस बाई, जीव वाचला की," एकजण ओरडली. मी मात्र गाडीकडेच बघत होते. तू गेल्यावर मी शिकून फिजिओथेरपिस्ट झाले. नांदेडच्या आसपासच्या गावांत घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचे आखडलेले सांधे हलवते. ते सगळं काम या गाडीच्या जिवावर होतं, आणि गाडीचं कर्ज अजून निम्मंही फिटलं नव्हतं.

दुरुस्त करण्यात अर्थ नाही, असं विमा कंपनीने ठरवलं. सांगाडा ते घेऊन गेले, पैसे थेट बँकेला गेले, आणि तरी कर्ज उरलंच. विम्यात गाडीची किंमत दरवर्षी उतरत जाते, कर्ज त्या चालीने उतरत नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. शेजारीच राहणारा आपला दादा म्हणाला, "गाडीच न्हाई तर हप्ता कशाचा भरून राहिलीस? येऊ दे नोटीस, मग बघू." मला ते पटलं, म्हणजे सोयीचं वाटलं. एक हप्ता चुकवला. बँकेचे फोन यायला लागले तशी मी फोन पालथा ठेवू लागले, बँकेवरून जाणारा रस्ताही टाळू लागले. तेव्हा तू आठवलीस.

लातूरची आपली खानावळ. क्लासची पोरं जेवायला बसलेली, आणि हप्त्यावर आणलेला फ्रीज व्होल्टेज वाढून जळालेला. फ्रीजवाल्या अप्पांचं दुकान बाजाराच्या वाटेवरच, म्हणून मी तुला मागच्या गल्लीने ओढते आहे. तू माझा दंड घट्ट धरतेस. "तोंड लपवायला चोरी केली का आपण?" आणि भाजीची पिशवी घेऊन सरळ दुकानात शिरतेस. "अप्पा, फ्रीज गेला. तुमचे पैसे जायचे न्हाईत. पोरांचे पैसे महिना सरल्यावर येतेत, हप्ता तवा घ्या." अप्पा म्हणाले, "बसा की अक्का, च्या घ्या." त्या जळक्या फ्रीजमध्ये तू डाळी ठेवायला लागलीस. पोरं चिडवायची, "मावशी, थंडगार तूरडाळ हाय का?" तू हसत वाढायचीस आणि हप्ता भरत राहायचीस.

हे आठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेले. टेबलामागची मुलगी माझ्यापेक्षा कितीतरी लहान. तिला म्हटलं, "गाडी गेली, मी इथंच आहे. उरलेलं सगळं भरायचंय, फक्त हप्ता लहान करून द्या." साहेबांच्या सहीसाठी खेटे घालावे लागले, चिडचिड झाली, पण झालं काम. दादाला सांगितलं, तुझी नोटीस तुझ्यापाशीच ठेव. आता एसटीने गावं करते. दिवसाला पूर्वीइतके पेशंट होत नाहीत, संध्याकाळी माझेच गुडघे बोलतात. तरी एकही घर सोडलेलं नाही, आणि हे कर्ज मी फेडणारच आहे.

परवा दादा स्वतःहून म्हणाला, "माझी गाडी दिवसभर उभीच असती, ती ने की." मी म्हटलं, पेट्रोल परवडत नाही. घरातले सगळे माझ्या काटकसरीचं कौतुक करतात, आणि मी करू देते. खरं सांगू? पेट्रोलचा काही प्रश्न नाही. काल त्याची किल्ली मागून घेतली आणि गाडीत जाऊन बसले. बराच वेळ बसले. किल्ली फिरवायला हात धजला नाही. मला गाडी चालवायची भीती वाटते, आई. हे तुलाच लिहिते आहे, कारण हा कागद कुठे जाणार नाही. दादाला अजून काही बोललेले नाही. पण किल्लीही परत दिलेली नाही.