सोमवारी सही करण्याआधी

आसगाव,
शनिवार दुपार

प्रिय सुलोचना,

लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली, पण तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. आंधळगावला माहेरी गेलीस तरी चौथ्या दिवशी परत यायचीस आणि म्हणायचीस, "तुमच्या हातचं खाऊन तुमीच बिमार पडान." आत्ता तू ओसरीत खुशबूशी बोलत बसली आहेस. तुझ्या अंगणवाडीतल्या पहिल्या वर्षाच्या पोरांची नावं आपल्या लेकीला सांगते आहेस, बापाच्या नावासकट. सकाळी काय जेवलीस ते मात्र आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, ही विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे. परवा भाजीत दोनदा तिखट पडलं आणि आपण दोघं डोळे पुसत, हसत जेवलो. असं हसणं अजून बरंच शिल्लक असावं, एवढंच मागतो.

पण आज दुसरं काही सांगायचं आहे. तू विसरली असशील, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

उन्हाळ्यात आपण तुझ्या मोठ्या बहिणीला, बायाबाईंना भेटायला गेलो होतो. दोन वर्षं अंथरुणावर, कोणाला ओळखत नाहीत. नाकात नळी, आणि ती ओढू नये म्हणून दोन्ही हात खाटेला बांधलेले. तू गाठी सोडल्यास, त्यांचे केस विंचरलेस. परतीच्या एसटीत वरठीच्या पुढे कुठेतरी म्हणालीस, "माहे हात कोणाले बांधू देऊ नका जी. घशातून पेज उतरते तोवर पाजा. नाही उतरली तं राहू द्या. मले आपल्या घरीच राहू द्या." मी हो म्हणालो.

ते हो खोटं होतं, सुलोचना. तुझं मन शांत व्हावं म्हणून म्हटलेलं. मनात मी केव्हाच ठरवलं होतं, वेळ आली की नागपूरला नेईन, नळी, मशीन, जे असेल ते लावायला सांगेन, पण तुला जाऊ देणार नाही. तेव्हा तुला कुठे कळणार होतं?

मग धानाची रोवणी आटोपल्यावर आपण भंडाऱ्याला दवाखान्यात गेलो. पुढे काय हवं, काय नको, ते डॉक्टरांनी तुलाच विचारलं. तू एसटीतलंच सगळं त्यांना स्पष्ट सांगितलंस. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून म्हणालो, "वेळ आल्यावर पाहू, साहेब." तू तिथेच ओळखलंस. ऑटोत तोंड फिरवून बसलीस आणि बसस्टँडवर म्हणालीस, "काहून खोटं बोलले जी तुमी? मले बोलता नाही येणार तवा माह्याकडून कोण बोलन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तू चहा आणलास आणि माझा गुडघा दुखतो का विचारलंस. आदल्या दिवशीचं भांडण तुला आठवतच नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं. आणि तो चहा संपायच्या आत स्वतःची इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. आजवर तुझ्याशी एकही भांडण मी जिंकलो नव्हतो. हे जिंकलो, ते तुझ्या आजारामुळे.

तीन आठवडे गप्प राहिलो. काल खुशबूला सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, हे तुमी आईसाठी करून राहिले का सोतासाठी?" स्वतःसाठीच. तुझ्याविना या घरात कसा राहू, या भीतीपायी मी तुला खाटेला बांधून ठेवायला निघालो होतो.

सोमवारी भंडाऱ्याला नोटरीकडे जायचं आहे. शेजारचे श्यामराव आणि टेकचंद साक्षीला येतील. तू डॉक्टरांना सांगितलेली इच्छा तिथे कागदावर उतरेल आणि खाली तुझ्या वतीने बोलणाऱ्या माणसाचं नाव लिहायचं आहे. तू माझंच सांगशील, मला माहीत आहे. पण हा माणूस तुझ्याशी एकदा खोटं बोलला आहे, हे तुला ठाऊक नसताना ती सही मी कशी होऊ देऊ? सोमवारपर्यंत विसरलीस, तर निघण्याआधी हे पत्र पुन्हा तुझ्या हातात देईन. तुझा राग तुझा होता, तो तुला परत करतो. खुशबूचं नाव लिहावंसं वाटलं तर लिही, मी रुसणार नाही. माझं लिहिलंस, तर आज खरोखर हो म्हणतो. तोंडावर सांगायची हिंमत होत नाही म्हणून घरामागच्या धानाच्या शेतात, बांधीत जाऊन बसतो. वाचून झालं की हाक मार. शिव्या द्यायला मारलीस तरी येईन.

तुझाच,
तुलाराम