चार नंबरच्या टेबलावरचे नॅपकिन

४ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ११

टपालाने जाड लिफाफा आला. वर छापलंय, तुम्हाला भरपाई मिळू शकते. एकोणसत्तर वर्षांत मला कुणी साधं पेन फुकट दिलेलं नाही. लिफाफा कचऱ्यात टाकला. मग वाटलं, कचरेवाला उचलायचा. परत काढला.

कॉरीन, म्हणजे माझी मुलगी, आमच्या गाड्यांच्या शोरूमचं ऑफिस सांभाळते. ती म्हणाली, बाबा, हे खरं आहे. वायरिंग, बेअरिंग, वायपर बनवणाऱ्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं हॉटेलांत गुपचूप बसून आपसात भाव ठरवले, गाड्या महाग पडल्या, कोर्टात केस झाली. आता आपल्यासारख्या डीलरना भरपाई आहे. तुम्ही फक्त सही करा, बाकी मी बघते.

मी हादरलोच. धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र बसून भाव ठरवायचे? लाज कशी वाटत नाही या लोकांना!

त्याआधी सकाळी नेहमीप्रमाणे डायनरमध्ये व्हर्न पोस्टमा आणि आर्लो टिबेट्सबरोबर नाश्ता. गावातले दुसरे दोन डीलर. ऑइल बदलायचा दर मार्चपासून तिघांकडेही दोन डॉलर वर. व्हर्न कुरकुरत होता, त्याला ताळ्यावर आणला.

१ जूनला 'डाइकहाउस मोटर्स' कॉरीनच्या हातात द्यायचं. माझ्या आजोबांनी उभं केलेलं दुकान आहे. तिला स्वच्छ नाव मिळावं, एवढीच इच्छा. बाकी कशाची हाव नाही. भरपाई किती, ते मात्र बघायला हवं.

९ फेब्रुवारी, मंगळवार

लिफाफ्यावरच्या नंबरला फोन केला. बाई फार गोड बोलत होती. इतकं गोड सरळ माणूस बोलत नाही. ठेवून दिला. दहा मिनिटांनी आवाज बदलून पुन्हा केला. ती म्हणाली, बोला मिस्टर डाइकहाउस, मघाशी कट झाला वाटतं. म्हणजे पाळत आहे.

११ फेब्रुवारी, गुरुवार

डायनर. दोघांना सहज विचारलं, लिफाफा आला का. व्हर्न म्हणाला, आला की, बायकोने भरूनही टाकला. आर्लो म्हणाला, अरे लॅम, मी फेकून दिला, कोण डोकं लावतंय. फेकणारा माणूस इतक्या शांतपणे अंडी खात नाही.

गाडीच्या कागदपत्रांची फी ठरवली. शनिवारी दुपारनंतर कुणी उघडं ठेवायचं नाही, हेही पुन्हा बजावलं. आकडे कागदी नॅपकिनवर लिहिले, तारीख टाकली, दोघांच्या सह्या घेतल्या. हे मी १९८५पासून करतो. मित्रांवर माझा पूर्ण विश्वास आहे. सही फक्त ते उलटू नयेत म्हणून. सगळे नॅपकिन बुटांच्या खोक्यात नीट लावून ठेवलेत.

एक बरं आहे, आम्ही त्या कंपन्यांसारखे हॉटेलात लपत नाही. खिडकीजवळ बसतो.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

व्हर्नचा ट्रक आर्लोच्या शोरूमसमोर. मंगळवारी! एकतीस वर्षांत आम्ही मंगळवारी कधी भेटलेलो नाही. समोरच्या चर्चच्या आवारात गाडी लावून चाळीस मिनिटं बसलो. धूर दिसू नये म्हणून इंजिन बंद. बाहेर उणे अकरा.

१७ फेब्रुवारी, बुधवार

ताप.

१८ फेब्रुवारी, गुरुवार

तापामुळे नाश्त्याला गेलो नाही. जोलीनचा, म्हणजे डायनरमध्ये वाढणाऱ्या बाईचा फोन, काय हो, आज तुमची दोन पोरं एकटीच बसलीत. कशाबद्दल बोलतायत, विचारलं. म्हणाली, तुमच्याबद्दल, पण मला सांगू नको म्हणालेत.

झालं. दोघं मिळून भरपाईतून माझा पत्ता कापणार.

कॉरीनने फॉर्म भरून आणला. सहीच्या जागी पिवळी चिठ्ठी. पोरीला एवढी घाई का? मी बघतो म्हटलं. ती म्हणाली, बाबा, निदान माझ्यावर तरी संशय घेऊ नका. मी घेतच नाही. फॉर्म खणात घालून कुलूप लावलं.

२२ फेब्रुवारी, सोमवार

निश्चय: आजपासून प्रत्येक गोष्ट लेखी.

फॉर्मच्या शेवटी लिहिलंय, अधिक माहिती असल्यास कागद जोडावा. नऊ पानं जोडली. सरळ माणसाचा धंदा कसा असतो, ते एकदा त्यांना कळू दे. आम्ही तिघं दर गुरुवारी चार नंबरच्या टेबलावर सगळे दर एकमताने ठरवतो, कुणी दुसऱ्याचं गिऱ्हाईक फोडत नाही, व्हर्नने २००३ साली ब्रेकच्या कामात दर उतरवायचा प्रयत्न केला तेव्हा आम्ही त्याला कसं समजावलं, सगळं लिहिलं. पुरावा म्हणून निवडक चाळीस नॅपकिनच्या प्रती जोडल्या. शेवटी सुचवलं की पोस्टमा आणि टिबेट्स यांचे अर्ज जरा बारकाईने तपासावेत.

फॉर्मवाल्यांनी गहाळ केलं तर? म्हणून एक प्रत राजधानीत, लान्सिंगला, राज्याच्या सरकारी वकिलांना. दोन्ही रजिस्टर्ड. कॉरीनला दाखवलं नाही. उगाच काटछाट करत बसली असती.

१७ मार्च, गुरुवार

उत्तर नाही. पोस्टमनचं वागणं पूर्वीसारखं राहिलेलं नाही.

नाश्त्याला आर्लोने माझ्या कोटाचं माप विचारलं. सांगितलं नाही.

१२ एप्रिल, मंगळवार. दुपारी ४

विजय! लान्सिंगहून सरकारी वकिलांच्या ऑफिसची दोन माणसं आली. एक उंच गृहस्थ, एक तरुण बाई. इतकं लक्ष देऊन माझं बोलणं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. बाई म्हणाली, हे सगळं तुम्ही स्वतःहून सांगताय ना? म्हटलं, अर्थात, मला लपवायचंय काय! कॉफी पाजली. अख्खं खोकं काढून दाखवलं. एकतीस वर्षांचे नॅपकिन. नेऊ का, म्हणाले. मी पण कच्च्या गुरूचा चेला नाही. प्रत्येक नॅपकिनची पावती घेतली.

सायं. ६

कॉरीन बँकेतून आली. पावती वाचली आणि शोरूममधल्या गाडीत जाऊन बसली. मग काच खाली करून विचारलं, बाबा, तुम्ही वकिलाशी बोलला होतात? म्हटलं, वकिलांवर माझा विश्वास नाही.

२१ एप्रिल, गुरुवार

चार नंबरच्या टेबलावर मी एकटाच. जोलीन म्हणाली, त्या दोघांना त्यांच्या वकिलांनी तुमच्या आसपास फिरकायचं नाही म्हणून सांगितलंय. मग काउंटरखालून एक खोकं काढून दिलं. आत कोट. निळा, चांगल्या लोकरीचा. पाठीवर धाग्याने माझं नाव. दोघं महिनाभर याच्याच तयारीत होते म्हणे, निवृत्तीच्या दिवशी द्यायचा होता. व्हर्न तिला म्हणाला, देऊन टाक त्याला, मला बघवत नाही.

माप अंदाजाने घेतलंय. बरोबर बसतो. मला फार वाईट वाटलं. अंडी तशीच टाकून आलो.

१९ मे, गुरुवार

शेवटी वकील केला. तो म्हणतो, तडजोड करा. गेल्या काही वर्षांत ज्यांनी आमच्या तिघांकडे ऑइल बदललं, त्या प्रत्येकाला भरपाई. म्हणजे सगळं गाव. म्हटलं, आम्ही काय त्या कंपन्यांसारखे आहोत का? त्याने नॅपकिनची पावती माझ्यापुढे सरकवली.

पार्ट्सच्या भरपाईचा माझा अर्ज परत आला. नऊ पानांवर मी नऊ सह्या केल्या होत्या. फॉर्मवर करायची राहिली. मुदत संपली.

१ जून, बुधवार

कॉरीन बरोबर नऊला आली. मी नवा कोट घालून बसलो होतो, पेन उघडून. दुकान तिच्या नावावर करायचे कागद टेबलावर तयार होते. तिने ते बाजूला सारले आणि एक पान ठेवलं. राजीनामा. सोमवारपासून जवळच्या झीलंड गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात लागतेय.

म्हटलं, सरकारला घाबरलीस? नाही म्हणाली. गावाला? तेही नाही. म्हणाली, बाबा, नऊ पानं तुम्ही फॉर्मवाल्यांना दाखवलीत, सरकारला दाखवलीत. मी शेजारच्या खोलीत होते. मला का नाही दाखवलीत?

मी पेनाला टोपण लावलं. तिने माझ्या डोक्यावरची टोपी नीट केली आणि गेली.

राजीनामा पुन्हा वाचला. दोन ओळी आहेत. काहीतरी मेख असणार म्हणून पान उलटून पाहिलं. कोरं होतं.