श्शबाईंचा पिवळा पट्टा

३ जून
पहिला दिवस. वय त्रेपन्न, पांढरा पोशाख, पांढरा पट्टा. आरशात पाहिलं तर कंपाउंडर दिसत होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुडघ्यासाठी काहीतरी हालचाल करा, आणि लेकीने मला तिच्या जुन्या कराटेच्या वर्गात नेऊन घातलं. ठोसा मारताना सगळी पोरं एकदम ओरडली आणि माझं बोट आपसूक ओठांवर – "श्श!" एकोणतीस वर्षं ग्रंथालयात काढलीत, दुसरं काय होणार? सर पोट धरून हसले. वर्गात माझं नाव पडलं – श्शबाई.

१९ जून
ठोसा नीट, पाय नीट, आवाज उंदराचा. सर म्हणाले, "घशातून नको हो, पोटातून काढा. ओरडल्याशिवाय पिवळा पट्टा नाही मिळायचा."

११ जुलै
साहेब म्हणाले, ग्रंथालयाचा बालविभाग बंद करू, तिथे जुनी कपाटं ठेवू. तो विभाग मी उभा केला. त्या छोट्या खुर्च्यांना रंगसुद्धा मीच दिलाय. आणि मी काय बोलले? "बरं, साहेब." स्वतःचीच चीड आली. सप्टेंबरच्या बैठकीत पक्कं होणार.

२ ऑगस्ट
आज जिना कठडा न धरता चढले – दोनदा! शब्दकोशांचा गठ्ठा एका दमात वरच्या फळीवर. हल्ली पडल्या पडल्या झोप लागते. शिपाई विचारतो, "बाई, उंच झालात की काय?" उंच कसली होतेय, ताठ झालेय.

२५ ऑगस्ट
परीक्षा. समोर ती कपाटं आहेत असं धरलं आणि ओरडले. खिडकीतली कबुतरं उडाली. मागच्या रांगेतल्या चिमुरडीने ओठांवर बोट ठेवलं – "श्शबाई, श्श!" पट्टा मिळाला. मला माझाच अभिमान वाटतोय. इथे लिहायला कसली लाज?

२६ ऑगस्ट
घसा बसलाय. पट्टा तीनदा बांधून पाहिला.

९ सप्टेंबर
बैठक. साहेब म्हणाले, "मग बालविभाग बंद. कोणाची हरकत?" टेबलाखाली पाय रोवले, श्वास पोटापर्यंत नेला. "माझी आहे." ओरडले नाही, गरजच पडली नाही. मग कारणं सांगितली, एकेक करून. मध्ये कोणी बोललं नाही. एवढी शांतता मला एकोणतीस वर्षांत श्श करून जमली नव्हती.

कपाटं तळघरात जाणार.