मागितलं तरी मीठ देऊ नये

मनीषनगर, नागपूर

प्रेमिलाबाईंस,

सप्रेम जयभीम. मी सिंधू, तुझी वहिनी, तुझ्या मोठ्या भावाची बायको. ओळख आधीच देऊन ठेवते, कारण पणतूच्या नामकरणाले तू आली नाही, आणि दुसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणते, "अवं वहिनी, ते या रविवारी होतं काय?" आमंत्रण द्यायले आलेल्या माझ्या नातवाले, प्रशिकले, तू दोनदा चहा पाजला, हेही तुझ्या ध्यानात नसेल. माझी तक्रार नाही. एकदा तू घराले कुलूप लावून इकडे निघून आली होती आणि तुझा सुशील आत झोपला होता, त्याच्या मानानं हे काहीच नाही. तुझे गुडघे कसे आहेत? तुमच्या खापरखेड्याच्या वीज केंद्राची राख अजून वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसते का? इकडे आम्ही सारे बरे आहोत आणि तुम्हीही बरे असाल असं धरून चालते.

हे पत्र मी बोलून राहिली आणि नात मोनाली लिहून राहिली. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू हो-हो म्हणते आणि ठेवला की पाटी कोरी. कागद परत वाचता येतो. (मले नाही येत, तुले येतो. चौथीपर्यंत शिकली, कधी तरी उपयोग होऊ दे.) मोनालीले मी बजावलं आहे की मी बोलीन ते सारं लिहायचं, स्वतःची अक्कल त्यात मिसळायची नाही. ती हसून राहिली. हसली हेही लिही म्हटलं.

नामकरणात काय झालं ते सांगायच्या आधी या पोरीची नोकरी सांगावी लागते. ती सदर भागातल्या ऑफिसात जाते हे तुले माहीत आहे, पण तिथं काय करते हे मलेही उशिरा समजलं. कूलर घेतला, पंप घेतला की खोक्यातून एक पुस्तक निघते ना, जे आपण न वाचता गादीखाली सारतो, ते हिच्या ऑफिसात तयार होते. मले वाटे ही दिवसभर पुस्तक लिहीत बसत असेल. तर अख्खं पुस्तक कोणीच लिहीत नाही म्हणे. टाकी कशी धुवायची हा एक तुकडा, शॉक लागू नये म्हणून काय करायचं हा दुसरा, असे सुटे तुकडे लिहायचे. एक तुकडा एकदाच लिहायचा आणि ज्या ज्या कूलरले तो लागू आहे त्यांच्या पुस्तकांत तोच बसवायचा. सुधारला की सगळीकडे सुधारतो. आणि प्रत्येक तुकड्याले चिठ्ठी चिकटवायची, की हा कोणत्या मशीनचा, कोणासाठी, कधीपर्यंत चालणारा. आता त्या तुकड्यांवर त्यांनी एआय बसवला आहे. गिऱ्हाइकानं विचारलं की तो त्यातलं शोधून तोंडी उत्तर देते. (मी म्हटलं, म्हणजे भाज्या चिरून तुम्ही डबे भरून ठेवायचे आणि फोडणी त्यानं द्यायची. "हो आजी, आणि डब्यावर नाव नसलं तर तो खिरीत कांदा टाकते," ती म्हणाली. हे तेव्हा मी हसण्यावारी नेलं.)

तर सराव व्हावा म्हणून या बाईनं दोन वर्षांमागच्या उन्हाळ्यात माझ्यावरच प्रयोग केला. मी स्वयंपाकघरात जे बोलीन ते फोनमध्ये भरून घेतलं. बेसनाची पाटोडी कशी वळायची, वरण कधी उतरवायचं, कोणाले काय चालत नाही. मग माझ्या बोलण्याचे तुकडे केले, चिठ्ठ्या लावल्या आणि घरच्या सगळ्यांच्या फोनवर ठेवून दिलं. "आजी झोपली असली तरी आजीले विचारता येते," अशी जाहिरात केली. मी जागीच असते, पण कोण विचारते?

नामकरणाच्या दिवशी मी पणजी, म्हणून बाळाले मांडीवर घेऊन हॉलमध्ये बसली. रांधायले प्रशिकची बायको, नातसून नंदिनी होती. पोरगी गुणाची, पण नवी आणि भिडस्त. पन्नास माणसांत उठून मले विचारायची तिले लाज वाटली, म्हणून तिनं फोनले विचारलं की वरणात मीठ किती टाकू. फोन म्हणे, मीठ टाकू नये. पाटोडीच्या रश्श्यात? टाकू नये. तिले वाटलं, या घरची नामकरणाची रीत असेल. पंगत बसली. पहिलं मीठ मागितलं तिच्याच बापानं, गोपाळराव व्याह्यांनी. पोरगी आत गेली, परत विचारलं. फोन म्हणे, मागितलं तरी देऊ नये, वाटी लपवून ठेवावी, फारच मागे लागले तर लिंबाची फोड द्यावी. तिनं मिठाची वाटी पिठाच्या डब्यात खुपसली आणि बापाच्या ताटात लिंबाची फोड ठेवली. त्यांनी पुन्हा मागितलं, तिनं पुन्हा फोड ठेवली. ते माणूस किती सभ्य म्हणावं! लेकीच्या सासरी तमाशा नको म्हणून फोडींवर फोडी पिळत जेवले. बाकीचेही तसेच जेवले. कोणी म्हणे डॉक्टरचा सल्ला असेल, कोणी म्हणे आजकाल फॅशन आहे.

माझं ताट शेवटी आलं. मी वरण-भाताचा पहिला घास घेतला आणि हात थांबला वं. हे वरण मले ओळखू आलं. हेच मी वर्षानुवर्षं वेगळ्या गंज-पातेल्यात एका माणसासाठी शिजवत आली होती.

चूक कोणाची म्हणशील, तर मोनाली म्हणते तिची, की तिनं "कोणासाठी" ही चिठ्ठी कोरी ठेवली. पण ती लिहिणार काय? "मीठ टाकू नको, मागितलं तरी देऊ नको, वाटी लपव," एवढंच मी बोलायची. कोणाले, ते मी कधी बोलली नाही. नवऱ्याचं नाव तोंडातून काढायची आपल्याले सवय नाही. बीपी कोणाचा होता हे घरातल्या मांजरीलेही माहीत होतं. मशीनले कसं कळावं, आणि ते गेल्यावर घरात आलेल्या नंदिनीले तरी?

त्या संध्याकाळी मोनाली कम्प्युटर उघडून बसली. म्हणाली, आजी, हे तुकडे आता लागत नाहीत, पुसून टाकते, नाही तर तो उद्या पुन्हा हेच सांगेल. मी म्हटलं, काहून पुसते? तुमच्याकडं जो कूलर बनायचा बंद झाला, त्याचं पुस्तक जाळता का? ती म्हणाली, नाही, ठेवतो, बाजूले काढून, कारण कोणाच्या तरी घरी तो कूलर अजून असते. मग हेही बाजूले ठेव म्हटलं. तर म्हणाली, ठेवते, पण आता चिठ्ठीवर नाव पाहिजे, आणि मी लिहिणार नाही, तूच सांग. फोन माझ्या तोंडापुढं धरला. लग्नात उखाणा घेतला होता, त्यानंतर आता. घसा खाकरला, पदर सारखा केला, आणि म्हटलं, चंपतराव. (लाजली नाही. मोनाली काही म्हणो.)

मग हौसेनं मीच त्या फोनले विचारलं, चंपतराव काय जेवायचे? तो म्हणे, चंपतराव यांना मीठ, तेल, तिखट चालत नाही, मागितलं तरी देऊ नये. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. प्रेमिला, मले ते लागलं. तो खोटं बोलला नाही, सारे माझेच शब्द होते. पण रोजचं जेवण कोणी बोलून रांधते का? बोलावं लागते ते "नको" तेवढंच. या बाळाले पणजोबा दिसले नाहीत. उद्या ते मोठं होऊन विचारील, आणि त्याले कळेल की पणजोबा म्हणजे एक अळणी माणूस होता. ताटाले हात लावायच्या आधी मिरची कराकरा चावणारा माणूस!

मोनाली म्हणते, उपाय सोपा आहे, आणखी तुकडे भरायचे. मी माझे भरून राहिली. आता दमली, इथंच थांबते. सुशीलले आशीर्वाद. गुडघ्याले तेल लाव.

तुझी,
सिंधूवहिनी

ता. क. गोपाळराव रागावले नाहीत. जाताना लिंबांची फार तारीफ केली.

ता. क. दुसरा. आता खरं काम. बीपी लागल्यावर तुझे दादा महिन्यातून एकदा तरी तुले भेटायले खापरखेड्याले यायचे. घरी परतले की अर्धा माठ पिऊन टाकायचे आणि मी वाढलेलं अळणी एक शब्द न काढता जेवायचे. शर्टाले झिंग्याचा वास. विचारायच्या आधीच सांगायचे, की बसमध्ये शेजारी मासळीवाली बसली होती. दर वेळी तीच मासळीवाली! मी कधी खोदून विचारलं नाही. विचारलं असतं तर ते यायचे थांबले असते. तर बाई, तू त्यांना काय काय वाढलं, आणि खाताना ते काय बोलायचे, ते सारं मोनालीच्या फोनमध्ये बोलून दे. मी रागावत नाही, डॉक्टरले सांगत नाही. माझ्याकडं नुसतं "देऊ नये" जमा झालं आहे. दिलेलं सारं तुझ्याकडं आहे.

ता. क. तिसरा. सुशील इकडं येईल तेव्हा त्याच्या हाती ती झिंग्याची चटणी पाठव. त्यांच्यासाठी करायची तशीच कर. मीठ कमी टाकू नको.