फोर्थमधला माझा एक शब्द

सर, गेल्या मंगळवारी मी पोखर्णीच्या रस्त्यावरच्या त्या बियाण्याच्या गोदामात गेले होते. तुमचा डबा अजून चालू आहे. दारामागे, त्याच खिळ्याला, तोच पंखे चालवणारा करडा पत्र्याचा डबा. त्यावर तुम्ही ऑइलपेंटनं 'हात लावू नये' लिहिलं होतं, त्यातला 'हात' पुसला गेलाय. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तेवढ्या काळात गोदामाचे पत्रे बदलले, मालकाच्या जागी त्याचा मुलगा बसला, पण हवा ओली झाली की पंखे लागतात आणि कोरडी झाली की थांबतात. मी तो डबा काढून आमच्या कंपनीचा नवा बसवायच्या कामासाठी गेले होते. हे तुम्हाला आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काहीच लिहिता येणार नाही.

कॉलेजातली ती मागची खोली मला अजून वासासकट आठवते. मोडक्या खुर्च्या, जुने कॉम्प्युटर, खिडकीला लावलेला पुठ्ठा. तुम्ही तासिका तत्त्वावरचे सर. कायमच्या सरांच्या खोलीत तुमच्यासाठी खुर्ची नव्हती, म्हणून तुम्ही ही खोली मागून घेतली होती. शनिवारी दुपारी, अभ्यासक्रमात नसलेली एक कॉम्प्युटरची भाषा तुम्ही कोणी न सांगता शिकवायचात. फोर्थ. पहिल्या शनिवारी आम्ही चौघं होतो, दिवाळीनंतर मी एकटीच उरले. तरी तुम्ही चौघांना शिकवावं तसं फळ्यासमोर उभं राहून शिकवायचात. म्हणायचात, ही मोठमोठ्या दुर्बिणी फिरवायला तयार झालेली भाषा, अगदी थोड्या जागेत राहते, आपल्यासारखी. आधी वस्तू ठेवायच्या, मग काम सांगायचं. दोन ठेव, तीन ठेव, मिळव. जे शेवटी ठेवलं ते आधी निघतं. मला हे कळेना तेव्हा तुम्ही विचारलंत, "घरी भाकरीची दुरडी बघितलीस ना? वरची कोणती असती?" मी म्हणाले, शेवटची, गरम. ती धाकट्याला. आणि सगळ्यात आधी थापलेली तळाशी जाते, ती आईच्या वाट्याला येते, कारण ती शेवटी जेवते. तुम्ही फळ्यावर दुरडी काढलीत. मग म्हणालात, "ही चळत म्हणजेच स्टॅक. तुला कळला. पुस्तकात एवढं लिहिलेलं नाही."

त्या भाषेत मला काय आवडलं, ते आजही नीट सांगता येत नाही. तिथं शब्द आपले आपण तयार करायचे. दोन लहान शब्द जोडून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा. पंख्याचा शब्द तुम्ही pankha असाच ठेवला होता. एकेक शब्द मशीनला शिकवत जायचा आणि दर वेळी ती खाली उत्तर देणार, ok. आमच्या घरात मी पहिली कॉलेजात गेलेली. अर्ज भरताना, फी भरायच्या रांगेत, वाचनालयाच्या खिडकीवर, सगळीकडे मला आधी 'नाही' ऐकायची सवय होती. मी सांगितलं ते समजलं असं म्हणणारं ते पहिलंच काहीतरी होतं. झरीला घरी गेल्यावर अण्णांना सांगितलं. अण्णा मेंढरांच्या खुरातले काटे काढत होते. म्हणाले, "ती भाषा किती जण बोलतेत?" म्हटलं, "लय कमी, अण्णा." "मंग आपल्यावानीच हाय की. कुणी इचारत न्हाई, पर काम चालतंय." आई आतून म्हणाली, "मशीनसंगं बोलती, अन् मामा आला तर तोंड उघडत न्हाई."

मामानंच नोकरीचा प्रश्न माझ्या डोक्यात घातला होता. तुम्ही फळ्यावर काहीतरी समजावत होता आणि मी मधेच विचारलं, "सर, याच्यावर नोकरी लागते का?" तुम्ही वळलातसुद्धा नाही. "नोकरी पाहिजे तर पलीकडच्या खोलीत जा. तिथं नोकरीचीच भाषा शिकवतात." मी वही आवरायला लागले. ते तुम्हाला दिसलं असावं. गेटासमोरच्या टपरीवर तुम्ही मला चहा पाजलात, स्वतः अर्धाच प्यालात, आणि म्हणालात, "लागत नाही. खोटं कशाला सांगू? मला येते म्हणून कुणी ठेवून घेतलं नाही. पण मशीन आतून काय करायलीय ते एकदा दिसलं की मग कुठलीच भाषा परकी राहत नाही. पोट दुसऱ्या भाषेवर भर. हिला तेवढं टाकू नको." मी मान हलवली. मान हलवणं फार सोपं होतं, सर.

मग तुम्ही गोदामाच्या पंख्यांचं काम घेतलंत आणि मला मदतीला बसवलंत. पंख्याच्या शब्दात एक चूक होती. शाळेत पाटी पुसून मग लिहायची, ती सवय मला. नवीन लिहायच्या आधी जुना पुसावा म्हणून मी मशीनला सांगितलं, pankha विसर. तिनं ok म्हटलं. शब्दांची यादी काढून बघितली तर पानभर यादीतल्या दोनच ओळी उरल्या होत्या. तुमचं आठवड्याचं काम, तेही जतन न केलेलं. तुम्ही चष्मा काढलात. "एक शब्द विसरायला सांगितला की त्याच्यानंतर शिकलेलं सगळं जातं. तिला निवडून विसरता येत नाही. घरी जा."

पुढच्या शनिवारी मी येणारच नव्हते. अण्णांनी पाठवलं. "चुकलीस तर जाऊन समोर उभी ऱ्हा," म्हणाले. तुम्ही सगळं पुन्हा लिहून काढलं होतं, डोळे लाल झाले होते. मला शेजारी बसवलंत. म्हणालात, "सगळ्यांना कामाला लावणारा शेवटचा शब्द राहिलाय. नाव तू सांग." मी म्हणाले, मला नको. "तुझे वडील लोकांच्या रानात मेंढरं बसवतात ना खतासाठी? तिथं जवळ बसून राहतात त्याला काय म्हणतात?" राखण, मी म्हणाले. तुम्ही टाइप केलंत, rakhan. ok आलं. "हा शेवटचा, म्हणून हा विसरला तर मागच्या कुणाला धक्का लागणार नाही. पण हा नसला तर मागचे सगळे नुसते बसून राहतील." दुसऱ्या दिवशी मी शिडी धरली आणि तुम्ही तो खिळा ठोकलात.

तिसऱ्या वर्षाला मी पलीकडच्या खोलीत गेले. नोकरीच्या तयारीचा वर्ग शनिवारीच असायचा. तुम्हाला सांगितलं, पुढच्या शनिवारी येते, सर. दोन महिने तेच म्हणत राहिले. मग तुम्हाला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत तुम्ही गेलात. मला ते बसस्टँडवर वर्गातल्या मुलांकडून कळलं. नंतर कॉलेजच्या शिपाईकाकांनी सांगितलं, "सर शनिवारी खोली उघडून बसायचे. म्हणायचे, यील पोरगी." त्यांना वाटलं असेल, सांगितल्यानं मला बरं वाटेल.

पुण्यात पहिल्या मुलाखतीत मी बायोडेटावर सगळ्यात वर फोर्थ लिहिलं होतं. समोरचा म्हणाला, "हे तुमच्या गावाकडचं काही आहे का?" बाकीचे दोघं हसले. मीही हसले, तेच जास्त लागलं. त्याच दिवशी एका झेरॉक्सच्या दुकानात बसून ती ओळ काढली आणि नवीन कागद छापून घेतला. तिसऱ्या ठिकाणी नोकरी लागली. तिथं दुसऱ्यांनी गुंतवून ठेवलेले प्रोग्रॅम मला पटकन सोडवता येतात. सोबतचे विचारतात, तुला कसं दिसतं गं हे? मी म्हणते, अंदाजानं. एवढ्या वर्षांत एकदाही तुमचं नाव घेतलं नाही.

मंगळवारी आमचे साहेब आणि नवा मालक हिशेबाच्या टेबलाशी बोलत होते. मी डब्याला लॅपटॉप जोडला आणि एन्टर दाबलं. ok. सर, अकरा वर्षांनी, काही न विचारता. यादी काढली. शेवटी आलेला शब्द वर दिसतो, तसा सगळ्यात वर rakhan. तो कोणी विसरला नव्हता. मी यादीत खाली जाऊन एकेक शब्द उलगडत गेले आणि ते कालच लिहिल्यासारखं वाचता आलं. तेव्हा गोदामाचे म्हातारे मुकादम जवळ येऊन म्हणाले, "ताई, ह्याला कशाला छेडता? एका सराचा हाय. लय गुणी डबा. कधी भूक लागली म्हनला न्हाई का तहान लागली म्हनला न्हाई."

"काका, गप बसा जरा," मालक म्हणाला. मग आमच्याकडे वळून, "माझं पण तेच म्हणणं हाय. चालायलंय तर कशाला काढू? पण उद्या बंद पडला तर बघणारं कोण? ही भाषा येणारं कुणी असलं तर सांगा, मी आहे तसाच ठेवतो."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. हे काम झालं की अख्ख्या मराठवाड्याचं काम माझ्याकडे द्यायचं त्यांच्या मनात आहे. येते म्हटलं असतं तर हे काम गेलंच असतं, आणि मी पुन्हा मागच्या खोलीतली मुलगी झाले असते. कुठं जुना डबा अडला की पाठवा हिला. तुम्हाला तसंच पाठवायचे, मी बघितलंय. मी म्हणाले, "नाही. आता ही कोणालाच येत नाही."

मुकादम माझ्या स्क्रीनकडे बघत होते. "मंग ताई, आत्ता तुमी त्याच्यासंगं काय बोलत व्हता?"

"नुसतं तपासत होते, काका."

पुढच्या महिन्यात डबा निघणार आहे. हे मी झरीला बसून, तुमच्याच उदाहरणांच्या वहीतल्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहितेय. पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी हे पत्र टाकलं नसतं. तुम्ही वाचून फक्त चष्मा काढला असतात. अण्णांना अजून काही सांगितलेलं नाही. सकाळी त्यांनी सहज विचारलं, "ती तुमच्या सराची भाषा येती का गं अजून?" मी लगेच म्हणाले, "येते की, अण्णा." मालकाचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. ही भाषा मला येते एवढं सांगायला त्याला मात्र अजून फोन केलेला नाही.