ताजा कलम आधी वाचावा

४ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. आम्ही ठीक आहोत. तूही त्या औषधाच्या दुकानावरच्या खोलीत रुळली असशील.

तुझ्या खोलीचं काम एकदाचं संपलं. दोन महिने म्हणता म्हणता आठ लागले, पण हिची ड्रेसिंग रूम अशी झाली आहे की बघत राहावं. भिंतभर कपाट, खाली नवी चकचकीत फरशी. हिने सगळंच घर आवरलं. तू जिथे तिथे चिकटवलेल्या चिठ्ठ्या गरम पाण्याने खरवडून काढल्या. घर आता ग्रंथालयासारखं दिसत नाही, असं ती म्हणते. २ जुलैला घरसजावटीच्या मासिकाचा फोटोग्राफर येणार आहे. हिने सगळ्या मैत्रिणींना सांगून ठेवलं आहे.

एक किरकोळ गोष्ट. स्वयंपाकघरातल्या सिंकमधलं पाणी हळू जातं. तू काय करायचीस?

तुझा,
धाकटा

९ जून

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद. (त्यातले अर्धे तूर्त राखून ठेवले आहेत.)

फोन उचलत नाही, कारण तुझ्या राणीसाहेब स्पीकर लावून ऐकतात आणि मधूनमधून हसतात. पत्र निदान एका वेळी एकालाच वाचता येतं.

माझ्या चिठ्ठ्या काढल्या हे वाचलं. घरात पाण्याचे सात कॉक आहेत आणि सातही सारखेच दिसतात. कुठला गच्चीवरच्या टाकीचा, कुठला बाथरूमचा, कुठला बागेचा, हे प्रत्येकावर लिहिलेलं होतं. चौतीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या चिकटवल्या, म्हणून घरातही चिकटवल्या. पुस्तक चुकीच्या फळीवर गेलं तर हरवतं. कॉक चुकला तर काय होतं, ते कळेलच.

आता सिंक. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगत की विचारलं असेल त्याचंच उत्तर द्यावं, पण ते पूर्ण खरं द्यावं. तू सिंकचं विचारलंस, म्हणून सिंकचं सांगते. सिंकखाली बाटलीसारखी एक वाटी आहे. ती डावीकडे फिरवून काढावी, आतला गाळ जुन्या ब्रशने खरवडावा, वाटीचं रबर तपासावं, चिरलं असेल तर बदलावं. जाळीशिवाय सिंकमध्ये एक शीतसुद्धा जाऊ देऊ नये. महिन्यातून एकदा उकळतं पाणी ओतावं, पण बेताने, नाहीतर प्लॅस्टिकचा पाइप वाकतो.

मी बरी आहे. खोली लहान आहे, पण माझी लोखंडी खाट मावली. राणीसाहेब तिला दवाखान्यातली खाट म्हणायच्या ना, तीच. गवंडी आला त्या दिवशी मी त्या खाटेजवळ उभी राहून काहीतरी सांगत होते, तर राणीसाहेबांनी मला, ताई तुम्ही आता आराम करा, असं सांगितलं होतं. करते आहे.

कळावे. लोभ किती ठेवायचा ते तुझं तू ठरव.

तुझी,
ताई

ता. क. वाटी फिरवण्याआधी खाली बादली ठेवावी.

१५ जून

ती. ताईस, सा. न.

ताजा कलम आधी वाचायला हवा होता. दोन कपाटं भिजली, माझा शर्ट फेकून द्यावा लागला आणि हिने दोन दिवस तोंड फिरवलं. पाणी थांबवायला मी कॉक बंद केला तर तो बागेचा निघाला. दुसरा बंद केला तर बाथरूममध्ये साबण लावून उभी असलेली ही ओरडली.

सिंक चार दिवस बरं चाललं. आता पुन्हा तेच, आणि बाथरूममधलंही पाणी तुंबतं. घरभर एक घाणेरडा वास येतो. हिने सगळीकडे सुगंधी मेणबत्त्या लावल्यात, त्यामुळे तोच वास आता सुगंधी येतो. वासावर काही उपाय असेल तर लिही. आणि ताई, उगाच टोमणे मारू नकोस. घर सर्वांचंच आहे.

धाकटा

२० जून

चि. धाकट्यास, उरलेसुरले आशीर्वाद.

घर सर्वांचं नाही. आईबाबांनी ते दोघांच्या नावावर ठेवलं, तुझ्या आणि माझ्या. तू हे विसरलास, मी विसरले नाही. मी बाहेर पडले ते फरशी वाळेपर्यंत, असं तूच म्हणाला होतास. आठ महिन्यांत फरशी वाळते, रे.

वासाचं विचारलंस. बाथरूमच्या जाळीखाली पाणी साठून राहायला हवं, म्हणजे खालचा वास वर येत नाही. जाळी उचलून केस आणि साबणाचा गाळ काढ, मग दोन बादल्या पाणी जोरात ओत. सिंकखाली दांडीचा रबरी पंप असेल तर तो वापर, पण शेजारची भोकं ओल्या फडक्याने बंद करून. नाहीतर सगळं तोंडावर उडतं. बघ, या वेळी आधीच सांगितलं. मेणबत्त्या विझवा. वास हा निरोप असतो, त्याला अत्तर लावून काय उपयोग?

तू विचारलंस तेवढं सांगितलं. लहानपणीही तू प्रश्नपत्रिकेतला सोपा प्रश्न सोडवून बाहेर खेळायला पळायचास.

लोभ असावा, निदान वास तरी जावा.

ताई

३ जुलै

ती. ताईस, शिरसाष्टांग.

काल फोटोग्राफर आला. त्याने दिवे लावले, ही कपाटासमोर उभी राहिली आणि तेवढ्यात बाथरूममधून काळं पाणी उलटं वर आलं. ते ड्रेसिंग रूममध्ये शिरलं. हिचे एकवीस जोड जोडे पाण्यावर तरंगत दारापर्यंत आले. फोटोग्राफर खुर्चीवर चढला आणि तिथूनच निघून गेला, कसा ते विचारू नकोस. हिच्या मैत्रिणी सगळं बघत होत्या.

प्लंबरला बोलावलं. त्याने विचारलं, की स्वयंपाकघर आणि बाथरूमचं पाणी जिथे एकत्र येतं तो चेंबर कुठे आहे. मला माहीत नव्हतं, हिलाही नव्हतं. मग त्याने विचारलं, की आजवर हे घर कोण बघत होतं. मी तुझं नाव सांगितलं आणि मला मान वर करता येईना.

ताई, चेंबर कुठे आहे? आणि मी सुरुवातीलाच काय विचारायला हवं होतं?

धाकटा

६ जुलै

चि. धाकट्यास, सगळे आशीर्वाद.

हाच प्रश्न. एक महिना लागला तुला.

बाबांनी परसात माझी खोली वाढवली तेव्हा चेंबर आत आला. खिडकीच्या भिंतीपासून तीन फूट, माझ्या खाटेखाली, एका सुट्या फरशीखाली. दर सहा महिन्यांनी मी खाट बाजूला करून तो उघडत होते, गाळ काढत होते. गवंड्याला मी तेच दाखवत होते. तुमच्या घरात कुणालाही हे माहीत नव्हतं, कारण घाण वर आली नाही तोवर ती आपोआप जाते असं तुम्हाला वाटत होतं.

आता तो भिंतभर कपाटाच्या मधल्या कप्प्याखाली आहे. कपाट काढावं लागेल, नवी फरशी फोडावी लागेल. अर्धं कपाट वाचेल का, असं राणीसाहेब विचारतील. नाही वाचणार. खाली झाकणावर मी तेलरंगाने लिहिलं आहे की दर सहा महिन्यांनी उघडावे. ही एकच चिठ्ठी गरम पाण्याने निघाली नसती.

मला आनंद झाला का? झाला. तुझं पत्र मी तीनदा वाचलं, जोड्यांचा परिच्छेद पाच वेळा. सिस्टरनी शिकवलेल्या सगळ्याच गोष्टी काही मनात उतरल्या नाहीत.

सातही कॉकवर चिठ्ठ्या पुन्हा लागतील. त्या राणीसाहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहाव्यात. कुठला कॉक कशाचा, ते मी शेजारी उभी राहून सांगेन, आणि चुकलं तर पुन्हा लिहायला लावीन.

बाकी क्षेम. लोभ आहेच, तो कधी मागे घेतला नव्हता.

ताई

ता. क. त्या झाकणावर यापुढे पक्कं काहीही बसवायचं नाही. फक्त सहज बाजूला करता येईल असं ठेवायचं. माझ्या खाटेला चाकं आहेत. सोमवारी ती घेऊन येते आहे. झाकण उघडायचं असेल तेव्हा खाट सरकवता येईल. मला मात्र आता कुणाला सरकवता येणार नाही.