गाडीचा दम

४ जानेवारी, सकाळी सात
निर्णय पक्का. गाडीचा सायलेन्सर बदलणार. डिझेल गाडी, वय सोळा, इंजिन अजून खणखणीत, पण आवाज कसा, तर शिलाई मशीनसारखा. काल सिग्नलला शेजारच्या गाडीने नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तर माझ्या पोटात हललं. मी दाबला, तर फुटपाथवरचं कुत्रंसुद्धा उठलं नाही.

बायकोला सांगितलं. म्हणाली, आवाज करायला घरात तुम्ही आहात की. दुर्लक्ष.

बाबांना सांगितलं. मांडीचं हाड मोडल्यापासून दर सोमवारी आणि गुरुवारी मीच त्यांना व्यायामाच्या क्लिनिकमध्ये नेतो. ते या गाडीचे मुख्य प्रवासी. त्यांनी मान डोलावली. बाबा माझ्या बाजूने.

५ जानेवारी
पाण्याच्या टाकीचा चढ घड्याळ लावून चढलो. ४१ सेकंद. सायलेन्सर बदलल्यावर ३० च्या आत यायला हवा.

७ जानेवारी
सायलेन्सरवाल्याकडे. चाळीस वर्षं नळ्या वाकवतोय. त्याचं म्हणणं, डबा काढून सरळ नळी टाकली की आवाज येईल, दम येईलच असं नाही. वर म्हणाला, नळी पार मागच्या बंपरबाहेर काढू, तुमच्या मागच्या दाराचं रबर गेलंय, धूर आत येईल.

मी म्हटलं, नळी लांबली की आवाज मवाळ होतो. चाकाच्या अलीकडेच सोडा.

तो म्हणाला, गाडी तुमची, नाकही तुमचंच.

जुन्या लोकांना नवीन विचार पचत नाहीत.

८ जानेवारी
काय आवाज! गल्लीत शिरलो तेव्हा तीन खिडक्या उघडल्या. लोकांना रस आहे. नंतर तिन्ही धाडकन बंद झाल्या. थंडी आहे.

चढ : ४३ सेकंद. समोरून वारा होता. शिवाय मी जेवून गेलो होतो.

१० जानेवारी, सोमवार
बाबा पहिल्यांदाच नव्या आवाजात. मागच्या सीटवर पाय लांब करून, काचा बंद. त्यांना गार वारा सोसत नाही. वाटेत चकार शब्द काढला नाही. तल्लीन झाले होते. उतरताना मात्र कपाळ दाबत होते. उपाशीपोटी निघाल्याचा परिणाम.

संकल्प : बाबांना खाऊ घातल्याशिवाय बाहेर काढायचं नाही.

१३ जानेवारी, गुरुवार
बाबांना खाऊ घालून नेलं. क्लिनिकच्या दारात उलटी. जास्त खाल्लं.

बायको म्हणते, गाडीत धुराचा वास येतो. मी म्हटलं, डिझेलच्या गाडीत डिझेलचाच वास येणार, गुलाबाचा नाही. तरी तिच्या समाधानासाठी आरशाला सुगंधी पुठ्ठा टांगला. गुलाबाचाच.

खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका वर आल्या. म्हणाल्या, तुमची गाडी सुरू झाली की माझी भांडी मांडणीवर चालायला लागतात. मी त्यांना मांडणी भिंतीला पक्की ठोकण्याचा सल्ला दिला. आभारसुद्धा मानले नाहीत.

१६ जानेवारी
उणीव सापडली. इंजिनाला डिझेल कमी पडत होतं. व्हिडिओ बघून पंपाचा स्क्रू स्वतःच्या हाताने अर्धा फेरा पिळला. मग आणखी पाव, हात बसलाच होता म्हणून.

चढ : ३९!! सायलेन्सरवाल्याला कळवायला हवं.

धूर थोडा काळा आहे. मागचा सायकलवाला उतरून उभाच राहिला. काहीतरी बोलतही होता. आवाजात ऐकू आलं नाही.

१७ जानेवारी, सोमवार, दुपार
झालं तसं लिहून ठेवतो.

पुलाजवळ रस्ता खणलाय. पंचवीस मिनिटं गाड्या मुंगीच्या पावलाने. मी इंजिन तापतं ठेवण्यासाठी अधूनमधून रेस करत होतो. इंजिन तापतं ठेवण्यासाठी नाही. पुढच्याला आवाज ऐकवायला.

क्लिनिकला मागचं दार उघडलं तर बाबा कुशीवर कलंडलेले. शर्टावर उलटी, चेहरा राखेसारखा. मी बाबा, बाबा म्हणून हलवलं. डोळे अर्धे उघडले आणि फिरले. व्यायाम घेणाऱ्या बाई धावत आल्या, मला बाजूला ढकललं, बाबांना उघड्यावर काढलं. मग मोठं हॉस्पिटल, ऑक्सिजनचा मास्क.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गाडीत धूर येतो का. मी म्हटलं, तसा नाही. मागून आलेली बायको म्हणाली, येतो.

तासाभराने बाबा शुद्धीवर आले. डॉक्टरीणबाई काही विचारत होत्या, ते नुसते बघत होते. मग त्यांनी शर्टाच्या खिशाकडे बोट केलं. कानाचं मशीन खिशात. मी त्यांना ते लावून दिलं आणि विचारलं, काढलं कधी.

म्हणाले, गाडीत बसताना काढतो. आठ दिवस झाले.

थोड्या वेळाने मास्क बाजूला करून म्हणाले, तुला दोनदा हाक मारली. काठीपण आपटली.

मी म्हटलं, बाबा, ऐकू नाही आलं.

म्हणाले, हं. कसं येणार.

बायको बाबांचा शर्ट बदलायला लागली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

१८ जानेवारी
बाबा ठीक. उद्या घरी सोडणार.

शांतपणे विचार केला. सायलेन्सरवाल्याने मला ठाम विरोध करायला हवा होता. चाळीस वर्षांचा अनुभव, आणि गिऱ्हाइकाला धाक नाही. जाऊन स्पष्ट सुनावणार.

१९ जानेवारी
गेलो. सुनावता आलं नाही. त्याने नळीचं तोंड बघितलं, दाराचं रबर बघितलं आणि विचारलं, मागे कोण बसलं होतं.

सांगितलं.

त्याने हातातलं दुसऱ्याचं काम खाली ठेवलं. जुन्यासारखा डबा बसवला, नळी बंपरबाहेर नेली, दाराला नवीन रबर लावलं, पंपाचा स्क्रू जागेवर आणला. चार तास. मी स्टुलावर बसून होतो.

२४ जानेवारी, सोमवार
गाडी धुतली. मागची सीट दोनदा पुसली. दारात आणून उभी केली. सुरू आहे की बंद, कळत नाही इतकी शांत.

बाबा बायकोचा हात धरून जिना उतरले. मी दार उघडून उभा. म्हटलं, बाबा, सगळं पूर्वीसारखं केलंय.

त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. म्हणाले, चांगलं केलंस. आम्ही बसने जातो.

रागाने नाही. रागाने म्हणाले असते तर समजूत काढली असती.

थांब्यापर्यंत त्यांना अकरा मिनिटं लागली. बस आली, दोघं चढले. मी गाडी बसच्या मागे घेतली. म्हटलं, उतरताना हात द्यायला माणूस हवा. बाबांना शेवटची सीट मिळाली होती. दुसऱ्या थांब्यानंतर त्यांनी मागच्या काचेतून वळून बघितलं. मी हात हलवला.

त्यांना वाटलं, मला पुढे जायचंय. काचेआडून ते हाताने खूण करत राहिले : जा, जा पुढे.

रस्ता मोकळा होता. मी क्लिनिक येईपर्यंत मागेच राहिलो.